पलीकडे काय पोचतं? स्पेशालिस्ट मॅथ्स, तांब्याच्या रेषा आणि आपली मुलं



ऑगस्ट आला की आपल्या पालकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. इयर टेनच्या मुलांचे पुढच्या वर्षीचे विषय भरायचे असतात, आणि मग कुणीतरी विचारतंच: "स्पेशालिस्ट मॅथ्स घ्यावं का हो?" उत्तरंही ठरलेली असतात. कुणी स्केलिंगचा हिशेब मांडतं, कुणी म्हणतं मेथड्स पुरे झालं, कुणी ट्यूशनवाल्याचा नंबर टाकतं. एटारवर शंभर कमेंट येतात. पण त्या गणिताचं पुढे होतं काय, ते कुणाच्या पोटापाण्याच्या कामी येतं, यावर एकही येत नाही. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

मी मेलबर्नमध्ये हार्डवेअर इंजिनिअर आहे. सांगलीत शिकले, पुण्यात सहा वर्षं नोकरी केली आणि तेरा वर्षांपूर्वी इकडे आले. माझं काम असं: सर्किट बोर्ड कारखान्यात बनायला जायच्या आधी सांगायचं की त्यावरच्या तांब्याच्या बारीक रेषांमधून सिग्नल पलीकडे धड पोचेल की नाही. या कामाला सिग्नल इंटिग्रिटी म्हणतात. गावाकडे आईला सांगताना मी म्हणते, "पत्र छान लिहिलंय का हे बघणारे खूप आहेत. मी ते पलीकडच्याला वाचता येईल का ते आधीच सांगते." तिला तेवढं पुरतं. तुम्हाला जरा जास्त सांगते, कारण प्रश्न तुमच्या मुलांच्या विषयांचा आहे.

सुरुवात आपल्या ऑस्ट्रेलियापासूनच करू. अ‍ॅलिस स्प्रिंग्जला गेला असाल तर गावाच्या उत्तरेला जुनं टेलिग्राफ स्टेशन पाहिलं असेल. अरर्न्ते लोकांच्या भूमीवर, पाण्याच्या डोहाशेजारी दगडी इमारती आहेत. बरेच जण फोटो काढून उलुरूकडे निघतात. आम्ही शाळेच्या सुट्टीत गेलो तेव्हा मी तिथून हलेना, त्यामुळे नवरा आणि लेक दोघंही वैतागले होते.

हे स्टेशन ओव्हरलँड टेलिग्राफ लाइनवरचं. चार्ल्स टॉड यांच्या देखरेखीखाली दक्षिण ऑस्ट्रेलियापासून डार्विनपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरची तार ओढली, त्यासाठी ३६,००० च्या आसपास खांब रोवले आणि २२ ऑगस्ट १८७२ रोजी दोन्ही टोकं जोडली. डार्विनहून समुद्राखालची केबल जावाला जात होती, तिथून पुढे भारतामार्गे इंग्लंडला. जहाजाने यायला महिने लागायचे ते निरोप तासांत यायला लागले. अ‍ॅलिस स्प्रिंग्जचं ‘अ‍ॅलिस’ म्हणजे या टॉड साहेबांच्या पत्नी. त्यांचा नातू लॉरेन्स ब्रॅग अ‍ॅडलेडमध्ये जन्मला आणि २५ व्या वर्षी, १९१५ साली, त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. असो. आपण मुद्द्यावर येऊ.

लेकीने तिथे एक प्रश्न विचारला: "आई, वाळवंटाच्या मध्यात माणसं का ठेवली? सरळ एकच लांब तार का नाही?"

कारण तारेत सिग्नल मरत जातो. एका टोकाला टक-टक स्पष्ट असते, शेकडो किलोमीटरनंतर ती इतकी फिकट होते की ऐकणाऱ्याला कळत नाही. मग मध्ये माणूस बसवायचा. तो निरोप नीट कळतोय तोवरच उतरवून घेणार आणि नव्या दमाने पुढे पाठवणार. वाळवंटातली ती स्टेशनं याचसाठी होती. गंमत म्हणजे आज मी ज्या बोर्डांवर काम करते तिथे रेषा फार लांब झाली तर मध्ये एक छोटी चिप टाकतात. तिला रिटायमर म्हणतात. ती सिग्नल वाचते आणि स्वच्छ करून पुन्हा पाठवते. म्हणजे अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या त्या तारबाबूचंच काम, फक्त तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतराचा हिशेब करणाऱ्या बोर्डावर.

लेकीचा पुढचा प्रश्न लगेच आला: "मग जोरात पाठवायचं ना! व्होल्टेज वाढवायचं."

हा प्रश्न जगातल्या भल्याभल्यांना पडला होता. १८५८ साली अटलांटिक महासागराखालून पहिली तार टाकली. राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना ९८ शब्दांचा निरोप गेला आणि तो पोचायला १६ तास लागले. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी केबल टाकायच्या आधीच गणित मांडून दाखवलं होतं की अशा केबलमध्ये सिग्नल पसरट होतो, आणि लांबी दुप्पट झाली की उशीर चौपट होतो. कंपनीचे इलेक्ट्रिशियन वाइल्डमन व्हाइटहाउस यांना ते पटलं नाही. सिग्नल येईना म्हणून त्यांनी सुमारे २,००० व्होल्ट लावले. जेमतेम महिन्याभरात केबल मेली. टिकणारी केबल १८६६ मध्ये टाकली, तेव्हा आतली तांब्याची तार जाड केली होती.

आवाज चढवला म्हणजे पलीकडच्याला कळतंच असं नाही. आई-वडील म्हणून हे आपल्याला वेगळं सांगायला नको! पण इंजिनिअर म्हणून मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. थॉमसन यांनी ते आधी सांगितलं होतं, केबल समुद्रात टाकायच्या आधी, कागदावर. माझा अख्खा धंदा त्या कागदावर उभा आहे.

आता त्या ३,२०० किलोमीटरवरून ३० सेंटिमीटरवर येऊ.

तुमच्या घरातल्या चांगल्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात पीसीआय एक्सप्रेस नावाची जोडणी असते. तिची पाचवी पिढी २०१९ साली आली. त्यात तांब्याच्या रेषांच्या एका जोडीवरून सेकंदाला ३२ अब्ज बिट जातात. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला येतात ३१ पिकोसेकंद. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख, आणि त्यातले ३१.

सर्किट बोर्डवर सिग्नल प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने धावतो, म्हणजे एका नॅनोसेकंदात १५ सेंटिमीटर. मग ३१ पिकोसेकंदात तो जातो जेमतेम पावणेपाच मिलिमीटर. आता रेषा ३० सेंटिमीटर लांब असेल तर एका वेळी तिच्यावर साठच्या वर बिट धावत असतात. आपली चर्चगेट-विरार डोळ्यांसमोर आणा. पहिली गाडी विरारला पोचायच्या आत मागून कितीतरी गाड्या सुटलेल्या असतात. पहिला बिट पोचला का हे बघून दुसरा पाठवायला इथे सवडच नाही. पुढची गाडी कुठे तुंबली, मागची तिच्यावर आदळली, तर पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

या प्रवासात बिटाचं काय काय होतं ते चार भागांत सांगते.

एक, झीज. या जोडणीत प्रोसेसरपासून कार्डापर्यंत ३६ डेसिबलपर्यंत नुकसान गृहीत धरलेलं आहे. म्हणजे व्होल्टेजचा साधारण साठावा हिस्सा पलीकडे पोचतो. इतक्या वेगात वीज तांब्याच्या आतून जातच नाही, फक्त वरच्या कातडीतून जाते. १६ गिगाहर्ट्झला ही कातडी असते अर्धा मायक्रॉन. आपला केस असतो सत्तरेक मायक्रॉन. त्यात बोर्ड बनवताना तांबं खालच्या फायबरग्लासला घट्ट चिकटावं म्हणून मुद्दाम खरबरीत केलेलं असतं. तेव्हा बिचारा सिग्नल सरळ रस्त्याने न जाता डोंगर-दऱ्या चढत उतरत जातो.

दोन, पडसाद. रेषेची रुंदी बदलली, कनेक्टर आला, भोक आलं, की सिग्नलचा काही भाग मागे फिरतो. ५० ओहमची रेषा ६० ओहमच्या रेषेला जोडली तर नऊ टक्के परत. सूत्र शाळेतलं आहे: फरक भागिले बेरीज, १० भागिले ११०. हा परतलेला तुकडा मागे कुठेतरी आपटून पुन्हा पुढे येतो आणि भलत्याच बिटाच्या डोक्यावर बसतो.

तीन, शेजार. शेजारच्या रेषेवरची गडबड आपल्या रेषेत झिरपते. याला क्रॉसटॉक म्हणतात. पातळ भिंतीच्या युनिटमध्ये राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

चार, शेपूट. प्रत्येक बिट पसरट होऊन पुढच्या बिटांच्या जागेत शेपूट ठेवून जातो. एक-एक-एक-एक असे बरेच बिट गेल्यावर एकच शून्य आला तर त्या शून्याला खाली उतरायला वेळच मिळत नाही. म्हणजे तुम्ही आत्ता काय पाठवलंत यावरच सगळं अवलंबून नाही. त्याआधी काय काय पाठवलं होतं त्याचा गाळ साचलेला असतो.

हे सगळं एकत्र मोजायचं कसं? इथे माझी सगळ्यात आवडती आकृती येते. हजारो बिटांचे आलेख काढायचे, प्रत्येकी एक-दोन बिटांच्या लांबीचे तुकडे कापायचे आणि ट्रेसिंग पेपरसारखे सगळे एकमेकांवर ठेवायचे. कडेने रेघांचं जंगल होतं, पण मधोमध एक मोकळी जागा उरते, नेमकी डोळ्याच्या आकाराची. तिला आय डायग्रॅम म्हणतात, आम्ही नुसतं ‘डोळा’ म्हणतो. डोळा उघडा असेल तर घेणाऱ्याला एक आणि शून्य वेगळे कळतात. डोळ्याची उंची सांगते किती खरखर सहन होईल, रुंदी सांगते वेळेत किती मागेपुढे झालेलं चालेल. डोळा मिटला की संपलं.

आणि हा डोळा नेहमी घेणाऱ्याच्या टोकाला बघायचा. पाठवणाऱ्याच्या टोकाला तो कायमच टपोरा, सुंदर असतो. त्यावरून काहीही कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बोर्ड बनवा, लावून बघा, चालला तर चालला. तीन कारणांनी तसं करता येत नाही. पहिलं, जिथे बघायचं ती जागा चिपच्या पोटात असते, तिथे मोजायची सुई पोचत नाही, आणि पोचवली तर सुईमुळेच सिग्नल बदलतो. दुसरं, बोर्ड पुन्हा बनवायचा म्हणजे आठवड्यांमागून आठवडे आणि भरपूर पैसे. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, टेबलावरचा एक बोर्ड चालला म्हणजे पुढचे हजार चालतील असं नाही. प्रत्येक बोर्डात जाडी थोडी वेगळी, रेषा थोडी वेगळी. शिवाय उष्णता आणि दमटपणा वाढला की झीज वाढते. क्लेटनच्या एसीतल्या लॅबमध्ये चाललेला डबा पिलबाराच्या खाणीवर उन्हात चालेल का, हा खरा प्रश्न असतो. म्हणून भाकित करायचं. नुसतं ‘चालेल’ म्हणून भागत नाही. ‘अमुक इतकं वाईट झालं तरी अमुक इतकी शिल्लक राहील’ असं सांगावं लागतं.

एक अनुभव सांगते. आमच्या एका बोर्डात रेषा वरच्या थरातून एका भोकावाटे मधल्या थरात उतरत होती. भोक मात्र खालपर्यंत आरपार होतं. मधल्या थराखालचा तो अडीच मिलिमीटरचा तुकडा कुठेच जोडलेला नव्हता. तिथून कुठे जायचं नाही, तर त्याने काय बिघडणार? पण सिग्नलला ते ठाऊक नसतं. तो त्या बोळातही शिरतो, तळाला आपटतो आणि परत येतो, तोवर बरोबर अर्धी लहर उशीर झालेला असतो. आला की मूळ सिग्नलला उलटा होऊन मिळतो आणि त्याला खाऊन टाकतो. अडीच मिलिमीटरला हे घडतं १५ गिगाहर्ट्झच्या आसपास. आणि ३२ अब्ज बिट एक-शून्य-एक-शून्य असे आले की लहर बनते १६ गिगाहर्ट्झची. म्हणजे नेमका वर्मावर घाव! भाकितात डोळा पार मिटलेला दिसला. उपाय एका ओळीचा होता: मागच्या बाजूने जरा जाड ड्रिलने तो बिनकामाचा तुकडा खरवडून काढा. ड्रॉइंगवर एक टीप वाढली, बोर्ड पहिल्या फेरीत चालला. अशा दिवशी ऑफिसात कुणी पेढे वाटत नाही, कारण काही घडलेलंच नसतं. भाकिताच्या धंद्यात हे असंच.

आता येऊ लेकीच्या ‘इमॅजिनरी’ नंबरांकडे. जुलैमध्ये माहितीपुस्तिका घरी आली तेव्हा तिने नाक मुरडून वाचलं, "कॉम्प्लेक्स नंबर्स. नावातच इमॅजिनरी आहे, हे खऱ्या आयुष्यात कोण वापरतं?" मी म्हटलं, "अगं, तुझी आई. मंगळवारपासून तेच करतेय."

रेषेतून कुठलीही लहर गेली की तिचं दोनच गोष्टींत वर्णन होतं: किती उरली आणि किती उशिरा आली. साधा आकडा एकच गोष्ट सांगतो. कॉम्प्लेक्स नंबर दोन्ही एकदम सांगतो, त्याची लांबी म्हणजे किती उरली आणि कोन म्हणजे किती उशीर. आणि खरी जादू गुणाकारात आहे. दोन कॉम्प्लेक्स नंबर गुणले की लांबींचा गुणाकार होतो आणि कोनांची बेरीज. प्रवासातही तसंच होतं ना! पहिल्या टप्प्यात निम्मं उरलं, दुसऱ्यात त्याचं निम्मं, म्हणजे पाव. उशीर मात्र एकात एक मिळवत जायचा. पडसादांमुळे हिशेब थोडा गुंततो, पण गाभा हाच. प्रत्येक फ्रीक्वेन्सीला असा एक-एक नंबर मोजायचा किंवा गणिताने काढायचा, त्यांची फाइल करायची, आणि त्या फाइलवरून बोर्ड नसतानाच त्याचा डोळा काढायचा.

तोही एकेक बिट पाठवून काढता येत नाही. आमची अट असते एकावर बारा शून्यं इतक्या बिटांत फार तर एक चूक. सोपं सांगते: एक लाख कोटी बिटांत एक. खऱ्या बोर्डवर इतके बिट अर्ध्या मिनिटात जातात, पण कॉम्प्युटरवर त्यांची नक्कल करायला फार म्हणजे फारच वेळ लागेल. म्हणून एका बिटाची शेपूट किती लांब, हे काढायचं आणि पुढे प्रोबॅबिलिटीने हिशेब करायचा. म्हणजे कॉम्प्लेक्स नंबर, कॅल्क्युलस आणि प्रोबॅबिलिटी, व्हीसीईच्या पुस्तकातले जे धडे बघून मुलं "हे कधी लागणार?" म्हणतात, ते तिन्ही माझ्या एका दिवसात येतात. हल्ली यात मशीन लर्निंगही आलंय. हजार डिझाइनची उत्तरं शिकवून हजार-एकाव्याचा अंदाज पटकन मिळवतात. उपयोग होतो. पण तो अंदाज वेडावाकडा आहे हे ओळखायला गणित येणारं माणूसच लागतं.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला नोकरीत आल्यावर कळली आणि थक्क करून गेली. या वेगाला चिपच्या पायाशी डोळा अनेकदा पूर्ण मिटलेलाच असतो. तरीही जोडणी चालते! कारण दोन्ही टोकं आधी एकमेकांशी जुळवून घेतात. कॉम्प्युटर सुरू करता तेव्हा खरा डेटा जायच्या आधी ठरावीक नमुने पाठवले जातात. पाठवणाऱ्याकडे सिग्नलला आकार देण्याच्या अकरा ठरावीक तऱ्हा असतात. घेणारा सांगतो, ही नको, ती दे, आता जरा कमी कर. पाठवणारा बदलतो. घेणाराही आपल्या बाजूला झिजलेलं उचलून धरतो, शेपटं वजा करतो. आणि चिपच्या आत, जिथे आपल्याला दिसत नाही तिथे, डोळा उघडतो. याला लिंक ट्रेनिंग म्हणतात. ठरवतो कोण? घेणारा.

हे सांगताना मी लेकीला "घे स्पेशालिस्ट" असं म्हटलं नाही. विचारलं की तुला नक्की काय नको आहे. तेव्हा कळलं की तिला गणित नको नव्हतं. मेथड्सबरोबर स्पेशालिस्ट घेतलं की आठवड्यातले ड्रामाचे तास जातील आणि वर्गात दोनच मुली असतील, हे तिला नको होतं. एटार, स्केलिंग, करिअर, आमची सगळी भाषणं भलत्याच टोकाला चालली होती. मग टाइमटेबल घेऊन बसलो. इयर इलेव्हनला युनिट वन-टू ड्रामासकट करायचं आणि ट्वेल्व्हचा निर्णय पुढच्या वर्षी तिने घ्यायचा, असं तिचं तिनेच ठरवलं. सोडलं असतं तरी चाललं असतं. का सोडलं हे तिला आणि आम्हाला नीट माहीत असतं, तेवढं पुरे होतं.

आता तुमचा हमखास प्रश्न: इथे नोकऱ्या आहेत का? खरं सांगते. तैवान किंवा अमेरिकेसारखी चिपची मोठी बाजारपेठ ऑस्ट्रेलियात नाही. मी आले तेव्हा एका ठिकाणी "लोकल एक्स्पीरियन्स नाही" म्हणून परत पाठवलं होतं, जणू व्हिक्टोरियात तांबं वेगळं वागतं! पण काम आहे. वैद्यकीय उपकरणं, खाणी, रेल्वे, संरक्षण, आणि सगळ्यात भव्य म्हणजे रेडिओ दुर्बिणी.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मर्चिसनला, वजारी यमाजी लोकांच्या भूमीवर, सीएसआयआरओच्या ३६ तबकड्यांची आस्कॅप दुर्बीण आहे आणि शेजारी एसकेए-लो उभी राहते आहे. ती पूर्ण झाली की तिच्यात १,३१,०७२ अँटेना असतील, माणसापेक्षा जरा उंच, ख्रिसमसच्या झाडासारख्या. विश्वातून आलेला अति क्षीण सिग्नल तिथून न बिघडता कॉम्प्युटरपर्यंत न्यायचा आहे. काच-तंतू असो वा तांबं, प्रश्न तोच: पलीकडे काय पोचणार? आणि यात आपला धागा आहे बरं का. नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी, ४५ मीटरच्या तीस तबकड्या, ऑप्टिकल फायबरने जोडलेल्या. ती चालवणारी पुण्याची एनसीआरए एसकेएच्या कामातही आहे. पुढच्या भारतवारीत मुलांना शनिवारवाड्याबरोबर जुन्नर-नारायणगावही दाखवा.

आणि तुमच्या घरातलं वायफाय? खोलीत रेडिओ लहरी भिंतींवर, टेबलांवर आपटून पडसाद होऊन येतात आणि बिट एकमेकांत मिसळतात. वर सांगितलेलीच रड, फक्त तांब्याऐवजी हवेत. त्यावर सीएसआयआरओच्या जॉन ओसलिव्हन आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सिडनीत तोडगा काढला. १९९६ मध्ये त्यांना अमेरिकी पेटंट मिळालं. गणिताचा पाया त्यांच्या खगोलशास्त्राच्या कामातून आलेला.

शेवटी, ट्यूशनचा नंबर माझ्याकडे नाही. पण शनिवारी संध्याकाळी करण्यासारखं एक काम देते. बनिंग्जमधून एक जाड दोरी आणि एक बारीक दोरी आणा, दोन्ही एकमेकींना बांधा. मुलाला बारीक टोक धरायला सांगा, जाड टोक तुम्ही धरा, आणि जोरात एक झटका द्या. गाठीपाशी लहर थोडी पुढे जाईल, थोडी तुमच्याकडे परत येईल. मग टोकं बदला. आता परत येणारी लहर उलटी येते की सुलटी, ते आधी मुलाला सांगायला लावा. आधी सांगायचं, मग झटका द्यायचा. बरोबर आलं तर माझा धंदा त्याला कळला. चुकलं तर का चुकलं यावर जेवणापर्यंत वाद घाला, मराठीत.

इंजिनिअरिंगच करावं असं माझं म्हणणं नाही. पण "हे कुठे लागतं?" असं विचारणाऱ्या मुलाला "मार्क मिळतात म्हणून" याच्यापेक्षा बरं उत्तर मिळायला हवं. आपल्या ग्रुपात डॉक्टर आहेत, अकाउंटंट आहेत, नर्स आहेत, ट्रेनचे ड्रायव्हर आहेत. तुमच्या रोजच्या कामात शाळेतलं कुठलं गणित, कुठलं विज्ञान लागतं, ते चार ओळींत खाली लिहा. विषय भरायची तारीख जवळ आलीय, आणि मुलं वाचत असतात. आपल्यापेक्षा जास्तच वाचतात.